आल्बममधली आत्याआजी

आमच्या घराण्यात सगळेच काळपट. रंगानं नव्हे, फोटोत. आजीच्या आल्बममधला एकूण एक माणूस दिवेलागणीच्या आधी खुर्चीत बसवल्यासारखा दिसतो, आणि जे काळपट नाहीत ते इतके फिकट, की नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते अंदाजानं ठरवावं लागतं. फोटो जुने आहेत, असं व्हायचंच, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. चाळीस वर्षं डार्करूममध्ये काढलेल्या माणसानं अशी समजूत घालून घ्यावी, याला काय म्हणावं? मी स्वतःला गाढव म्हणतो. तुम्हाला दुसरं काही सुचलं तर ते म्हणा.

स्टुडिओ आजोबांचा, मग वडिलांचा, मग माझा. आता कोणाचाच नाही. खाली शटर ओढलेलं असतं आणि वरच्या दोन खोल्यांत मी असतो. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे जमलं नाही, कारण ज्या वयात जमवायचं त्या वयात मी लोकांना ‘हनुवटी जरा खाली, हसू नका’ असं सांगत उभा होतो. भावंड नव्हतंच. आई-वडील गेले तेव्हापासून माझ्या दाराची बेल मीटर बघायला येणारा माणूस वाजवतो, आणि तोही वर न येता खालूनच आकडा विचारतो.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना होता. मी त्यात आडवी रेघ मारली. नर्स म्हणाली, ‘काका, रेघ चालत नाही, कोणीतरी लिहा.’ मी समोरच्या किल्लीवाल्याचं नाव लिहिलं. नातं? ‘शेजारी’ लिहिलं. ती म्हणाली, ‘तेही चालत नाही.’ मग तिनंच खोडून ‘पुतण्या’ केलं आणि मला आत घेतलं. डोळा चांगला झाला, पण तो कागद काही मनातून गेला नाही. घरी आल्यावर मी आजीचा आल्बम काढला आणि वंशावळ करायला बसलो.

साहित्य भरपूर होतं. आल्बममध्ये एकतीस फोटो, आणि प्रत्येक फोटोमागे आजीची एक गोष्ट. मी लहान असताना ती आल्बम मांडीवर घेऊन बसायची. हा जाड भिवयांचा, तो तिचा मामा, बोटीवर स्वयंपाकी होता आणि आयुष्यभर मासा खाल्ला नाही. या दोघी जुळ्या, एकीचं दुखलं की दुसरी लंगडायची. शिवाय एका पत्र्याच्या डब्यात आठवणीच्या वस्तू: एका काडीचा चष्मा, छत्रीची मूठ, पितळेची बटणं, शिंगाचा एक कंगवा. प्रत्येक वस्तू कोणाची ते आजी न अडखळता सांगायची.

कंगवा होता आत्याआजीचा, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीचा. फोटोत ती वेताच्या खुर्चीत बसली आहे, डावा हात शेजारच्या गोल टेबलावर, गळ्यात मण्यांची माळ. ‘तो हात बघ,’ आजी म्हणायची. ‘सगळं डाव्या हातानं. शाळेत हेडमास्तरांचं चुकलेलं गणित हिनं फळ्याशी जाऊन पुसलं होतं, त्याच हातानं. स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, लांब गेली, जाताना कंगवा विसरली.’ मला ती सगळ्यांत आवडायची. आमच्या घरात हेडमास्तरांचं गणित पुसणारं दुसरं कोणी झालं नाही.

वंशावळ शोधणाऱ्यांचा एक गट इंटरनेटवर आहे. तिथं मी सगळे फोटो आणि त्याखाली आजीच्या गोष्टी टाकल्या. चार महिने फक्त ‘छान संग्रह’ असे अभिप्राय आले. मग एका संध्याकाळी एका बाईचा निरोप आला: ‘खुर्चीतली ही बाई माझी आजी आहे, आईची आई. अगदी हाच फोटो आमच्या कपाटात आहे. तुमच्याकडे कसा?’

तो निरोप मी चारदा वाचला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ती दातांची डॉक्टर होती, तीन तासांच्या अंतरावरच्या गावात. तिची आजी कधीच गेली होती, पण आई होती, त्र्याऐंशी वर्षांची, ठणठणीत. मी कागदावर रेघा ओढून नातं काढलं. आत्याआजीची मुलगी म्हणजे वडिलांची आतेबहीण, म्हणजे माझी आत्या. आणि डॉक्टरीण माझी बहीण. फोनवर मी तिला तसं सांगितलं, तेव्हा ती हसून म्हणाली, ‘म्हणजे मी तुम्हाला दादा म्हणायचं तर!’ आणि म्हणायलाही लागली. सहासष्ट वर्षांत मला कोणी दादा म्हटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी तो शब्द दोन-तीनदा स्वतःशी मोठ्यानं म्हणून बघितला.

दोन महिने दर आठवड्याला फोन. ती क्लिनिक बंद करून घरी जाताना करायची. मी तिला आजीच्या गोष्टी सांगायचो; ती म्हणायची, ‘आमची आजी माहेराबद्दल अवाक्षर काढायची नाही, म्हणून आम्हाला काहीच ठाऊक नाही.’ मला वाटलं, पसंतीचं लग्न, घरचे रागावले असतील. असं सगळं छान जुळत होतं. मग एकदा म्हणाली, ‘दादा, रविवारी आईला घेऊन येते. गुडघे दुखतायत तरी हट्ट धरलाय. तुम्हाला काहीतरी विचारायचंय म्हणते, मला सांगत नाही.’

मी खोल्या घासून पुसून काढल्या. तीन सारखे कप विकत आणले, कारण माझ्याकडे तीन कप होते ते तीन तऱ्हांचे. गुरुवारी डॉक्टरिणीनं सहज म्हणून त्यांच्या फोटोची दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रं पाठवली. पुढून तोच फोटो, फक्त स्वच्छ, उजळ, छापताना काळजी घेतलेला. मागून आमच्या स्टुडिओचा शिक्का. आणि शिक्क्याखाली पेन्सिलीनं, आजोबांच्या अक्षरात, अकराशे सत्तेचाळीस.

तो आकडा तिथं असायला नको होता. का, ते सांगतो. आमच्याकडे एक रीत होती, आजोबांपासून मी शटर ओढलं त्या दिवसापर्यंत. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक फोटोला नंबर. काचेच्या निगेटिव्हवर नंबर, प्रिंटच्या मागे नंबर, म्हणजे पुन्हा प्रती मागितल्या तर शोधता याव्यात. घरच्या माणसांना नंबर नाही. घरच्यांचा फोटो दिवसाअखेर उरलेल्या काचेवर काढायचा आणि तशीच ठेवून द्यायची. वडील म्हणायचे, ‘आपल्या माणसाला कुठं शोधायला लागतंय?’

सख्ख्या बहिणीला आजोबांनी नंबर का घातला असेल? लग्न होऊन गेली म्हणून, रागावून म्हणून, सवयीनं म्हणून. तासभर मी अशी वकिली केली. मग ट्रेमध्ये कोमट पाणी घेतलं आणि आल्बमचं पान त्यात सोडलं. आजीनं सगळे फोटो खळीनं पक्के चिकटवले होते, त्यामुळे त्यांच्या पाठी आजवर कोणी बघितल्या नव्हत्या. वीस मिनिटांनी आत्याआजी अलगद सुटून वर आली. मी तिला पालथं केलं. अकराशे सत्तेचाळीस.

दुपारपर्यंत मी सगळा आल्बम सोडवला. बोटीवरचा मामा, नंबर. जुळ्या, नंबर. एकतीसपैकी सव्वीस फोटोंना नंबर होते. नंबर नव्हते ते पाच: आजोबा, आजी, लहानपणीचे बाबा, आईबाबांचं लग्न आणि रांगणारा मी.

तेव्हा कुठं काळपटपणाचं कोडं सुटलं. पहिली प्रिंट कधी जास्त काळी येते, कधी फिकट. ती गिऱ्हाइकाला द्यायची नसते. बाजूच्या खोक्यात टाकायची, दुसरी छापायची. आजीनं त्या खोक्यातून माणसं उचलली होती. आणि डब्यातला चष्मा, छत्रीची मूठ, बटणं, हे सगळं आमच्या स्टुडिओतल्या आरशाच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकं विसरून जायची तेच. मीही असे डझनभर कंगवे गोळा करून ठेवले होते! एकाच रंगवलेल्या पडद्यासमोर, एकाच खुर्चीत बसलेली माणसं एका घरातली वाटतात, एवढंच.

आजी-आजोबा घरून पळून आले होते, हे मला माहीत होतं. दोन्हीकडच्यांनी त्यांचं नाव टाकलं होतं. बाबा लहान असताना विचारत असणार, आपल्याला मामा का नाही, आत्या का नाही. मग तिनं खोकं उपसलं. मला तिचा राग यायला हवा होता. आलाही, पण फार वेळ टिकला नाही, कारण गेले दोन महिने मी तरी दुसरं काय करत होतो?

खरं सांगायचं तर मला फोन करता आला असता. शुक्रवार होता, शनिवार होता. मी नाही केला. मी ठरवलं की एक रविवार घ्यायचा. कोणाचं काय बिघडतंय? एका म्हाताऱ्या बाईला भाचा मिळेल, मला आत्या मिळेल, आणि नंबराचं मला एकट्याला ठाऊक. फोटो वाळवून मी नुसतेच पानांत सरकवून ठेवले.

रविवारी अकरा वाजता बेल वाजली. डॉक्टरीण फोनवरच्या आवाजापेक्षा ठेंगणी निघाली. ‘दादा!’ म्हणून तिनं माझे दोन्ही हात धरले. मागून आत्या, एकेक पायरी मोजत, कठड्याला धरून. मी वाकून नमस्कार केला. तिनं तोंडभर आशीर्वाद दिला नाही, नुसती मान हलवली. मी म्हटलं, दमली असेल.

चहा झाला. मी बोलत सुटलो. हेडमास्तरांचं गणित सांगितलं, डावा हात सांगितला. आत्या म्हणाली, ‘आई उजव्या हातानं लिहायची.’ मी म्हटलं, ‘सासरी सवय बदलली असेल.’ बघा, किती सहज आलं तोंडातून. मग मी कंगवा काढला आणि तिच्या हातात ठेवला. ‘तुमच्या आईचा. इथं राहिला होता.’ तिनं तो मुठीत धरला, दातांवरून अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा असा काही आवळला गेला, की मला वाटलं आता ही रडणार आणि मला जवळ घेणार.

ती रडली नाही. म्हणाली, ‘मला एकच विचारायचंय. तुझे आजोबा एकदाही का आले नाहीत?’

डॉक्टरीण म्हणाली, ‘आई, आता कशाला...’

‘तू थांब. तुलाही मी सांगितलेलं नाही. माझी आई आश्रमात वाढली, अनाथ मुलींच्या. मरायच्या आधी मला एकटीला सांगितलं तिनं. जन्मभर तिला वाटायचं, आपलं कोणी नव्हतंच, तर कोणावर रागवायचं? एवढ्यावर ती शांत गेली रे. आणि आता ही पोरगी येऊन सांगते की तिला भाऊ होता. तीन तासांवर! स्टुडिओ होता, घरदार होतं, तिचा फोटो आल्बममध्ये लावलेला होता, कंगवा जपून ठेवला होता. मग माणूस का नाही जपलं? बहीण आश्रमात टाकली आणि कंगवा ठेवला? दोन महिने माझ्या डोळ्याला डोळा नाही. आई असती तर तिला काय सांगितलं असतं मी?’

मला अजूनही काही जुळवता आलं असतं. आजोबांना पत्ता नव्हता, आजोबा शोधत होते, शोधता शोधता गेले. जिभेवर होतं सगळं. माझी आजी असती तर तिनं सांगितलंच असतं आणि आत्या डोळे पुसून शांत झाली असती, मी तिचा भाचा राहिलो असतो. पण तिनं कंगवा इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. ही बाई आता रोज रात्री माझ्या आजोबांना शिव्या घालत जागी राहणार होती, आणि त्या बिचाऱ्यानं तिच्या आईला आयुष्यात एकदा ‘हनुवटी खाली’ एवढंच म्हटलं होतं.

‘तुमच्या आईला कोणी टाकलं नाही,’ मी म्हणालो. ‘निदान आमच्यापैकी कोणी नाही. त्या माझ्या आजोबांच्या बहीण नव्हत्या. गिऱ्हाईक होत्या.’

मग मी फोटो पालथे करून दाखवले. नंबराची रीत सांगितली, खराब प्रिंटांचं खोकं सांगितलं, आजीचं सांगितलं. कंगवा कोणाचाही असू शकतो, हेही. बोलताना मी त्या दोघींकडे बघत नव्हतो. आणि बोलता बोलता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी गुरुवारी नुसती डोळ्यांपुढून गेली होती. अकराशे चव्वेचाळीसपासून एकोणपन्नासपर्यंत ओळीनं सहा मुली होत्या. आजीनं त्यांना चुलत-मावस काय काय करून सहा गोष्टींत विखरून टाकलं होतं. सहाही जणी त्याच खुर्चीत, आणि सहाही जणींच्या गळ्यात तीच मण्यांची माळ.

‘आश्रमानं लग्नं जमवायला हे फोटो काढून घेतले असतील,’ मी म्हटलं. ‘एका दिवशी, सगळ्यांचे. माळ एकच असणार, आळीपाळीनं घातलेली.’ आणि ते सहा फोटो तिच्यापुढे ओळीनं मांडले.

तिनं चष्मा वर केला, खाली केला. मग तिसऱ्या फोटोवर बोट ठेवून ती एकदम ओरडली, ‘अगं, ही तर चिमणी मावशी! सुट्टीत यायची आमच्याकडे, आठ-आठ दिवस राहायची. दोघी रात्रभर खुसखुसायच्या. आम्ही विचारायचो, ही कुठली मावशी, तर आई म्हणायची, आहे, मावशीच आहे. आणि ही... ही लंगडत चालायची का? नाही नाही, ती ही. हिनं मला दुपटं शिवलं होतं.’ डॉक्टरीण तिच्या खांद्यावरून वाकली. दोघी त्या सहा चेहऱ्यांत अशा शिरल्या की त्यांना मी तिथं आहे याचा विसर पडला. मी उठून कप आत नेले. आत नुसता उभा राहिलो. बाहेर आत्या हसत होती, आणि मला इतकं एकटं आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं डॉक्टरीण आत आली. ‘तुम्हाला आधीच माहीत होतं?’

‘गुरुवारपासून.’

‘मग कंगवा कशाला दिलात?’

‘तुम्ही दादा म्हणत होतात म्हणून,’ मी म्हणालो.

रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नळ सोडून तिन्ही कप विसळले, पालथे घातले आणि हात पुसून बाहेर गेली, परक्या घरी पाहुणी बाई वागते तशी. सहाही फोटो मी लिफाफ्यात घालून दिले. पैकी पाच त्यांच्याकडे नव्हते. कंगवा आत्यानं टेबलावर ठेवला, म्हणजे त्या बाईंनी ठेवला. आता त्यांना आत्या म्हणायचा मला काही हक्क नव्हता.

निघताना त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसत होता. दोन महिन्यांची झोप आजच काढतील अशा सैल झाल्या होत्या. लिफाफा छातीशी धरून त्या पहिल्या पायरीवर थांबल्या, वळल्या, आणि आपण कोणाच्याही घरून निघताना विचारतो त्या मायेनं त्यांनी विचारलं, ‘फार उपकार झाले हो तुमचे. माझ्याच नादात राहिले, तुमची काही विचारपूसच केली नाही. तुमच्या घरी कोण कोण असतं?’

डॉक्टरिणीनं मान खाली घातली.

‘आहेत ना,’ मी म्हणालो. ‘सगळे आहेत. बाहेर गेलेत, येतीलच आता. थोडं थांबला असतात तर भेट झाली असती.’

‘मग बरंय,’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या वेळी,’ आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.